घरबसल्या पदवी कुणासाठी?



गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागला त्यानंतरची गोष्ट. समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात माझी धाकटी बहीण राहते. तिची पोरगी कला शाखेतून ७१ टक्के घेऊन पास झाली. चौथ्या दिवशी मायलेकी एसटीने हिंगणघाटला माझ्या घरी आल्या. पेढे देऊन झाल्यावर भाचीने मोबाईल माझ्यापुढे धरला.

“मामा, हे पाहा न. घरबसल्या बीबीए म्हणते. तीन वर्षांची डिग्री. आजच्या आज भरले तं पाच हजार सूट देतो म्हणून राहिला तो.”

“तो कोण?”

“काउन्सेलर हाये म्हणे. सकाळपासून सहा फोन आले त्याचे.”

बहीण म्हणाली, “भाऊ, पोरगी घरातच राह्यते. शिकणंबी होते आन्‌ मले हातभारबी लागते. वर्धेले ठेवाचं म्हटलं तं खोली, डबा, येणंजाणं. माह्या एकटीच्यानं होते काय?”

तिचे खोटे नव्हते. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. दीड एकर कोरडवाहू, तीन महिने निंदण, दोन-तीन महिने वेचणी. मोठा पोरगा हिंगणघाटातच जिनिंगमध्ये कामाला. फोनवरचा माणूस महिन्याच्या हप्त्यावर पदवी देत होता आणि हप्ता पहिल्यांदा ऐकताना परवडेल असाच वाटत होता. जाहिरातीत एका लांबच्या खासगी विद्यापीठाचे नाव, खाली ‘मान्यताप्राप्त’, ‘नॅक’, ‘यूजीसी’ असे तीन-चार शिक्के आणि टाय लावलेल्या एका हसऱ्या मुलीचा फोटो.

अशा जाहिराती आज आपल्या प्रत्येक वस्तीतल्या मोबाईलवर येत आहेत. त्यांच्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे, कारण मी यात एकदा बुडालो आहे आणि एकदा तरलोही आहे.

२०१० साली मी बारावी करून एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होतो. रेग्युलर कॉलेज परवडत नव्हते, म्हणजे परवडणार नाही असे मी धरून चाललो होतो. शहरात एका मोबाईलच्या दुकानावर दोन खोल्यांचे ‘अभ्यासकेंद्र’ होते. बोर्डावर परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचे नाव. केंद्र चालवणारा आपल्यातलाच. आत शिरल्यावर समोरच बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याला ताजा हार. तो फोटो पाहून मी एकही प्रश्न विचारला नाही. वर्षाला ९ हजार रुपये भरले, तीन वर्षे भरले. पुस्तके आली नाहीत. परीक्षेला उत्तरे सांगितली गेली आणि आम्ही ती लिहिली. तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण पदवी मिळते आहे या आनंदात मी कान बंद केले. हा दोष माझा, तो दुसऱ्यावर टाकत नाही.

मार्कशीट आली ६८ टक्क्यांची. मायने पदवीची फ्रेम करून घेतली आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावली.

२०१४ मध्ये एका ठिकाणी लिपिकाच्या जागेसाठी लेखी परीक्षा पास झालो, यादीत नाव आले. कागदपत्रे तपासताना समोरच्या बाईंनी पदवी दोनदा उलटून पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, “या विद्यापीठाला त्यांच्या राज्याबाहेर केंद्र चालवायची परवानगी नाही. ही पदवी आम्हाला धरता येत नाही.” पाच मिनिटांत विषय संपला. यादीतल्या पुढच्या माणसाला जागा गेली. परत आलो तेव्हा मोबाईलचे दुकान तसेच होते. वरचा बोर्ड मात्र कोचिंग क्लासचा झाला होता.

मायला मी सांगितले की जागा कमी होत्या. ती फ्रेम मी भिंतीवरून काढली नाही. माय गेली त्यानंतर काढली.

२०१५ मध्ये मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.ए.ला पहिल्यापासून प्रवेश घेतला. बरोबरीची पोरे घरसंसाराला लागली होती आणि मी पुन्हा पहिल्या वर्षाला. दिवसा दुकान, रविवारी अभ्यासकेंद्राचे वर्ग. मराठीत लिहिलेली पुस्तके हातात पडली, गृहपाठ स्वतः लिहावे लागले, एका पेपरात नापास होऊन तो पुन्हा द्यावा लागला. नापास झालो तेव्हा दुःखापेक्षा दिलासा जास्त वाटला. इथे खरेच कुणीतरी पेपर तपासते आहे! २०१८ला पदवी मिळाली. पुढे मला जी नोकरी लागली ती याच पदवीवर.

म्हणून ‘घरबसल्या शिक्षण म्हणजे फसवणूक’ असे सरसकट म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. भारतातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला सुरू झाले आणि आज ते डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ याच नावाने ओळखले जाते. १९८५ला संसदेच्या कायद्याने इग्नू आले. १ जुलै १९८९ला आपल्या विधिमंडळाच्या कायद्याने नाशिकचे मुक्त विद्यापीठ आले. त्याचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. शेतमजुरी करणारा, एमआयडीसीत पाळी करणारा, लग्न होऊन सासरी गेलेली बाई, पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका अशा लाखो माणसांना याच रस्त्याने पदवी मिळाली. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने जाहीरही केले की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन पदवी ही रेग्युलर पदवीच्या बरोबरीची आहे. पदवीबद्दल न्यूनगंड बाळगायचे कारण नाही. कारण आहे ते ‘मान्यताप्राप्त’ या शब्दाबद्दल सावध राहायचे.

भाचीला मी त्या दिवशी जे समजावून सांगितले ते तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट. यूजीसी कायदा १९५६ चे कलम २२ सांगते की पदवी देण्याचा अधिकार फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. बाकी कुणीही कितीही मोठा बोर्ड लावो, तो पदवी देऊ शकत नाही. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर टाकते आणि त्या यादीत आपल्या नागपूरचेही एक नाव आहे. मोबाईलवर मोठमोठ्या जाहिराती करणाऱ्या शिक्षण कंपन्या म्हणजे विद्यापीठे नव्हेत. जानेवारी २०२२ मध्ये यूजीसीने बजावले आहे की विद्यापीठाला आपला ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम अशा कंपनीला फ्रँचायझीवर चालवायला देता येत नाही.

दुसरी गोष्ट, आणि इथेच आपली पोरे सर्वांत जास्त फसतात. नॅकची श्रेणी म्हणजे परवानगी नव्हे. नॅक संस्थेचा दर्जा मोजते. दूरशिक्षण किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची परवानगी यूजीसीचा दूरशिक्षण विभाग देतो, त्याला डेब म्हणतात. ती विद्यापीठाला घाऊक मिळत नाही. कोणता अभ्यासक्रम, कोणत्या सत्रापासून, असे नाव घेऊन मिळते. एखाद्या विद्यापीठाचे एम.ए. मंजूर आणि बीबीए नामंजूर असू शकते. मागच्या वर्षी परवानगी होती, यंदा नाही, असेही होते. म्हणून ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ हे वाक्य ऐकून थांबायचे नाही. डेबच्या संकेतस्थळावर आपल्या विद्यापीठासमोर आपला अभ्यासक्रम आणि आपले सत्र डोळ्यांनी पाहायचे. तिथे नाव नसेल, तर फोनवरचा माणूस कितीही गोड बोलो, पैसे भरायचे नाहीत.

तिसरी गोष्ट आपण महाराष्ट्राचे रहिवासी आहोत ही. दूरशिक्षण आणि ऑनलाइन हे दोन वेगळे प्रकार आहेत. यूजीसीची सध्याची नियमावली सप्टेंबर २०२० ची. राज्याच्या कायद्याने झालेले विद्यापीठ दूरशिक्षण फक्त आपल्या राज्याच्या हद्दीत देऊ शकते. म्हणजे परराज्यातल्या अशा विद्यापीठाचे ‘अभ्यासकेंद्र’ वर्धा, पुलगाव किंवा आर्वीला कुणी उघडले असेल, तर ते माझ्या त्या दोन खोल्यांच्या जातीचे समजा. ऑनलाइन अभ्यासक्रमाला मात्र हद्दीचे बंधन नाही; मंजुरी असेल तर देशातले कोणतेही विद्यापीठ चालते. पण तिथे केंद्र नसते, मध्यस्थ नसतो आणि प्रवेश थेट विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर होतो.

चौथी गोष्ट. काही विषय या पद्धतीने शिकवायला बंदीच आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, वास्तुशास्त्र, कायदा, कृषी हे त्यातले. २०२५ मध्ये मानसशास्त्रासारख्या विषयांचीही त्यात भर पडली. बी.एड. दूरशिक्षणातून होते ते आधीच प्रशिक्षित असून शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी. नुसत्या पदवीधराला ते करता येत नाही. आपल्या गावागावांत ‘घरबसल्या नर्सिंग’चे बोर्ड अजून दिसतात. ते पोरीला नर्स करत नाहीत, तिचे पैसे आणि वर्षे तेवढी घेतात.

पाचवी गोष्ट. जुलै-ऑगस्ट २०२४च्या सत्रापासून दूरशिक्षण किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. आधी एबीसी आयडी, तो डिजिलॉकरमधून निघतो. मग डेबच्या संकेतस्थळावर डेब आयडी. दोन्ही फुकट आहेत. हे काम एजंटला करू देऊ नका. त्यात आधार आणि मोबाईल जोडलेला असतो आणि एकदा ओटीपी दिला की तुमच्या नावाने प्रवेश कुठे होईल याचा भरवसा नाही.

हे सगळे आपणच का तपासायचे? सरकारने बोगस दुकाने बंद करायला नकोत का? करायलाच हवीत. पण आजवरचा अनुभव पाहा. ३ नोव्हेंबर २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांचा निकाल लावला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना नव्याने परीक्षा द्यायला सांगितले गेले. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. चूक विद्यापीठांची, डोळेझाक यंत्रणेची. पण दहा-पंधरा वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या हातातला कागद गेला. वरच्या घरातल्या मुलाला अशा वेळी बापाची शेती, काकाचे दुकान, मामाची ओळख सावरून घेते. आपल्या मुलाच्या मागे तो कागदच उभा असतो. म्हणून तपासणी आपणच करायची, आणि ती पैसे भरण्याआधी.

इतके सगळे सांगून मी भाचीसमोर माझा निकाल दिला. “हा बीबीएवाला सोड. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए.ले नाव टाक. फी कमी, पुस्तकं मराठीत, विभागीय केंद्र नागपूरले. मी बी तिथूनच झालो.”

बहिणीचा चेहरा मोकळा झाला. भाची गप्प होती. मग म्हणाली, “मामा, आपल्या दादाले तुम्ही नागपूरले कॉलेजात टाकलं न? मंग मले कायले घरी बसवता?”

खोलीत कुणी काही बोलले नाही. माझा मुलगा नागपूरला रेग्युलर कॉलेजात आहे, वसतिगृहात राहतो. त्याच्या बारावीनंतर मुक्त विद्यापीठाचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. तो शिकणार म्हणजे कॉलेजात जाणार हे धरलेलेच होते. भाची हुशार, गुण चांगले, वय अठरा. तिला मात्र मी मिनिटात घरी बसवले होते. वर त्याला सल्ला म्हणत होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन गोष्टी समोर आल्या.

एक म्हणजे बाबासाहेबांनी काय केले होते. बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ची, आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. पोराला गावातून उचलून शिक्षणाजवळ आणून ठेवायचे, हे पहिल्या कामांपैकी एक काम होते. पुढे १९४५ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. कामकरी मुलासाठी बाबासाहेबांनी कॉलेजची वेळ बदलली, पण त्याला वर्गाबाहेर ठेवले नाही. वर्ग, प्राध्यापक, ग्रंथालय, शेजारी बसणारा दुसऱ्या जातीचा मुलगा, हे सगळे त्याला मिळाले पाहिजे असाच तो आग्रह होता.

दुसरी गोष्ट आपल्या वर्ध्याची. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथेच शिक्षण परिषद भरली आणि ‘नई तालीम’ निघाली. हाताच्या उद्योगातून शिक्षण. त्या योजनेचे कौतुक जिल्ह्यात अजून होते. पण आपल्या आज्यापणज्यांच्या बाजूने तिच्याकडे पाहा. त्यांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या उद्योग होताच, तोही जातीने नेमून दिलेला. नव्हते ते पुस्तक आणि पदवी. आज फोनवरचा माणूस ‘स्किल’, ‘सर्टिफिकेट’, ‘जॉब-रेडी’ म्हणतो तेव्हा मला तीच शंका येते. वरच्यांच्या पोरांना विद्यापीठ आणि आमच्यांना सहा महिन्यांचे सर्टिफिकेट? कौशल्य वाईट नाही. पण सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे. पदवीधर लागतो त्या परीक्षेच्या फॉर्मवर ते चालत नाही.

माझे म्हणणे असे आहे. मुक्त आणि ऑनलाइन शिक्षण हा आपला हक्क आहे. पण ज्याला कॉलेजात जाता येते त्याला ‘घरीच शीक, स्वस्तात होते’ म्हणून बाहेर ठेवायला तो हक्क वापरला जात असेल, तर ते गावकुसाबाहेरचे शिक्षण आहे. सरकारला हे सोयीचे आहे. वसतिगृह बांधायला नको, प्राध्यापकांच्या जागा भरायला नको, शिष्यवृत्तीचा बोजा कमी. आणि आपल्याच घरात पोरींच्या बाबतीत ही सोय आपणही उचलतो. मी उचलत होतो.

यावर दोन आक्षेप येतील. एक : कॉलेजात तरी काय शिकवतात? तासिका तत्त्वावरचे मास्तर, रिकामे वर्ग. हे बऱ्याच ठिकाणी खरे आहे. पण रिकाम्या वर्गावर उपाय म्हणजे प्राध्यापक भरतीसाठी लढणे. आपणही वर्ग सोडला तर मागणी करायला उरणार कोण? दुसरा आक्षेप जड आहे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. अशा जागी लेकराला का पाठवायचे, असे एखादी माय विचारते तेव्हा माझ्याकडे वाद घालायला तोंड नसते. इतकेच म्हणतो की आपण तिथे नको आहोत असे ज्यांना वाटते, त्यांचे काम आपणच घरी बसून सोपे करू नये. पोराला पाठवायचे आणि त्याच्यामागे संघटना उभी ठेवायची.

आता ‘परवडते’ या शब्दाचा हिशेब करू, कारण बहिणीचा प्रश्न तोच होता. फी किती एवढेच आपण विचारतो. खरा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. ऑनलाइनमध्ये फीशिवाय परीक्षा फी, डेटा, चांगला मोबाईल किंवा लॅपटॉप. हप्त्यावर घेतले तर ते कर्जच असते. शिकणे मधेच सुटले तरी हप्ता सुटत नाही. सही करण्याआधी हप्ते कुणाला जाणार, विद्यापीठाला की कर्ज देणाऱ्या कंपनीला, हे विचारा. दुसऱ्या बाजूला, रेग्युलर प्रवेश घेतला तर आपल्या मुलांना काय मिळते? महाडीबीटीवरून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. समाजकल्याण विभागाचे शासकीय वसतिगृह, राहणे-जेवण मोफत. वसतिगृहात नंबर लागला नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, त्यात राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर. हप्ते वेळेवर पडत नाहीत ही तक्रार खरी आहे आणि त्यासाठी भांडावेच लागते. पण वसतिगृह आणि स्वाधार या दोन्हींचे दार रेग्युलर प्रवेश आणि हजेरी असेल तरच उघडते. पोरगी घरबसल्या शिकायला लागली की हे दार आपणच लावून घेतो. म्हणजे ‘स्वस्त’ म्हणून जे निवडले त्याची ही किंमत पावतीवर कुठेच लिहिलेली नसते.

ज्या शिष्यवृत्तीचा पहिला पैसा १९४४च्या सुमारास बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना मिळू लागला, ती न मागताच आपण सोडून द्यायची का?

म्हणून माझा क्रम आता बदलला आहे. पोरगा-पोरगी अठरा-वीसची, नुकतीच बारावी झालेली असेल, तर आधी रेग्युलर कॉलेज, वसतिगृह, शिष्यवृत्ती, स्वाधार हे सगळे फॉर्म भरायचे. सगळीकडून नकार आला तरच दुसरा रस्ता. नोकरी-मजुरी सुटत नाही, लेकरू लहान आहे, वय झाले आहे, त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठ पहिल्या नंबरवर. मराठीतून शिकायचे असेल तर नाशिक. हिंदी किंवा इंग्रजी चालत असेल तर इग्नू, त्याचेही प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे. आपल्या वर्ध्यातच १९९७ पासून महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, त्याचेही दूरशिक्षण आहे. कुठलेही घ्या, त्या वर्षीची डेबची मंजुरी मात्र पाहूनच. खासगी ऑनलाइन सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट बऱ्याच मुलांना ठाऊक नसते. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. एक रेग्युलर, दुसरी दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन. म्हणजे कॉलेजात बी.ए. करणारी पोरगी सोबत मुक्त विद्यापीठातून दुसरा अभ्यासक्रम करू शकते. स्वयम्‌ या सरकारी मंचावर २०१७ पासून अनेक विषयांचे वर्ग फुकट पाहता येतात. पैसे लागतात ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर. घरबसल्या शिकायचेच तर असे शिकावे. कॉलेज सांभाळून, जोडीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बहिणीला म्हटले, “माह्यं चुकलं. हिले वर्धेले टाकू.”

“आन्‌ नंबर नाई लागला होस्टेलमंदी तं?”

“तं स्वाधारचा फॉर्म भरू. तोवर मी हाओ.”

त्या उन्हाळ्यात आम्ही उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, बँकेला आधार जोडणी यासाठी तहसील आणि सेतू केंद्राच्या किती चकरा मारल्या ते मोजले नाही. भाचीला वर्ध्यात बी.ए.ला प्रवेश मिळाला. वसतिगृहाच्या पहिल्या यादीत नाव नव्हते. दुसऱ्या यादीची वाट पाहत ती दोन महिने रोज एसटीने गेली-आली. पहाटे निघायची, अंधार पडता घरी. एकदा कंटाळून म्हणाली, “मामा, तो बीबीएवालाच बरा होता.” मी काही बोललो नाही. नंतर नंबर लागला. पुढे काय होईल ते तिच्या अभ्यासावर आहे.

जिनिंगमधल्या तिच्या भावाचे मात्र वेगळे. त्याची मजुरी थांबली तर घर थांबते. त्याला मी मुक्त विद्यापीठच सांगितले आणि या वेळी ते सांगताना माझी जीभ अडखळली नाही. त्याचा एबीसी आणि डेब आयडी आम्ही विहाराच्या पायरीवर बसून त्याच्याच मोबाईलवर काढला. प्रवेशाचे पैसे थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरले, पावती काढून घेतली. त्याचे पाहून शेजारची एक वहिनी आली. मग तिची जाऊ.

आता आम्ही प्रवेशाच्या दिवसांत दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडतो. एक वही, एक चार्जर, ज्याला येते तो ज्याला येत नाही त्याच्याशेजारी बसतो. पहिला प्रश्न आम्ही ‘कोणता कोर्स पाहिजे?’ असा विचारत नाही. विचारतो, ‘कॉलेजात जाऊ शकत नाहीस, का जाऊ दिले जात नाही?’ उत्तर दुसरे असेल तर फॉर्म बाजूला ठेवून आधी तिच्या मायबापाशी बोलायला जातो.

आपापल्या गावात हे टेबल मांडा. खर्च काहीच नाही. आणि कुठल्याही ‘केंद्रा’च्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला, तर नमस्कार जरूर करा, पण त्यानंतर डेबची मंजुरी मागा. फोटो पाहून प्रश्न विचारायचे थांबावे, असे त्यांनी आपल्याला कधीच शिकवले नाही.

जय भीम!